मावशीच्या अकरा मिनिटांची प्रत मिळण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
पर्यटन कक्ष, जिल्हा कार्यालय.

विषय : नदीकाठच्या पायी सहलीचा प्रस्ताव थांबवणे व दप्तरातील ध्वनिमुद्रणाची प्रत देणेबाबत.
संदर्भ : आपले मंजुरीपत्र, दि. २ जून.

महोदय,

१. अर्ज करते की, आमची वस्ती या नदीकाठच्या मूळ रहिवाशांची आहे. बाहेरच्या सहल कंपन्या गाड्या भरून माणसे आणत, आमच्या दारांचे फोटो काढत आणि मनाला येईल ती माहिती सांगून निघून जात. हे थांबावे, पाहुण्यांना घरच्याच माणसाने हिंडवावे, म्हणून वस्तीने तीन वर्षांपूर्वी प्रस्ताव दिला. दिवसाला दहाच पाहुणे, तेही पायी. मासे अंडी घालतात ते दोन महिने वाट बंद. पुढे चालणार माझी थोरली मावशी. कारण नदीच्या प्रत्येक वळणाचे आमच्या भाषेतले नाव आणि त्यामागची हकीकत आता तिलाच ठाऊक होती.

२. आपल्या कार्यालयाने प्रथम दहाचे शंभर करण्यास सुचविले. वस्तीने बैठक घेऊन नम्र नकार कळविला. मग वाटेवर स्वच्छतागृह नाही, नंतर स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट नकाशात नाही, अशा त्रुटी निघाल्या. त्या पूर्ण केल्या. त्यानंतरची त्रुटी अशी, की मार्गदर्शकास स्वतःची भाषा येते असे तज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडावे. असा तज्ज्ञ विद्यापीठातही सापडला नाही. मावशी म्हणाली, "माझी परीक्षा घ्यायची तर माझी आईच उठून यायला हवी."

३. अखेर आपल्या कक्षातील टंकलेखक बाईंनी, आवाजाचा नमुना घेऊन फाइलला जोडावा, असा मार्ग काढला. त्यांचे उपकार आहेत. मावशी दोन बस बदलून आली. बाईंनी पंखा बंद केला, तिला पाणी दिले. ती अकरा मिनिटे बोलली.

४. मावशी गेल्या महिन्याच्या १२ तारखेस वारली. एकवीस दिवसांनी मंजुरी आली. "सदर मार्गदर्शकाने उद्घाटनास समक्ष हजर राहावे, बदली व्यक्ती चालणार नाही," अशी त्यात अट आहे. मी फोनवर मृत्यू कळविला असता, गैरहजेरीचे कारण लेखी द्यावे, असे सांगण्यात आले. ते याद्वारे देत आहे.

५. पुढे चालणारे कोणी नसल्याने प्रस्ताव तूर्त थांबवावा. मात्र ध्वनिमुद्रणाची प्रत द्यावी, ही कळकळीची विनंती. तिचा दुसरा आवाज आमच्याकडे नाही. पलीकडच्या नावाड्याला ती भाषा निम्मीशिम्मी कळते. ऐकूही कमी येते, पण तो बसतो म्हणाला आहे.

६. मला सहाव्या वर्षी वसतिगृहात घातले, तिथे ती भाषा सुटली. आपल्या कार्यालयातून परतताना बसमध्ये मी मावशीला विचारले, की तू एवढे काय बोललीस. ती म्हणाली, "घरी गेल्यावर सांगते, आता दमले गं." घरी आपल्या पुढच्या त्रुटीचे पत्र येऊन पडले होते. मी उत्तर लिहायला बसले आणि विचारायचे राहून गेले.

आपली नम्र,
मयत मार्गदर्शकाची भाची
दिनांक : १९ जून

सोबत : (१) मृत्यूचा दाखला (२) कोरा पेन ड्राइव्ह, एक