दाजींची गाठ

२ एप्रिल, बुधवार

वही मॅडमनं दिली. म्हणे, "काका, दिवसभरात कुठं जीव दचकला ते घरी जाऊन लिवा. कोनाला दाखवू नका." तीस वर्षं विहिरींवर काढली, कुरुंद्यापासून औंढ्यापर्यंत माझ्या दोरानं माणसं उतरवली, आणि माझा जीव दचकतो का हे विचारणार ही चोवीस वर्षांची पोर! लिहितो. जीव दचकल्याचं नाही, डोकं फिरल्याचं.

नाव पुनम. आखाडा बाळापूरची, बापाची मेंढरं आहेत. पुण्याला जाऊन सहा महिन्यांचा सुरक्षेचा कोर्स केला आणि कंपनीनं आमच्या डोक्यावर आणून बसवली. हिंगोलीत बायपासला सात मजली नवा दवाखाना झालाय, पुढून सगळी काच. हळदीचा मोसम, धूळ उडते, आठवड्यात काच पिवळी. आम्ही ती पुसतो. म्हणजे मी गच्चीवर दोरी बांधतो आणि मेहुणा भागवत तिला लटकवलेल्या पाटावर बसून पुसत पुसत खाली जातो. यात शिकवण्यासारखं काय आहे?

३ एप्रिल

आता दोन दोऱ्या. एकीवर बसायचं, दुसरी नुसती अंगावरच्या पट्ट्याला. पहिली गेली तर दुसरी धरेल म्हणे. मग बायकाही दोन करून ठेवा, एक गेली तर असावी!

भागवतला मांड्यांतून, खांद्यांवरून पट्टे घातले. पोळ्याच्या बैलासारखा सजवला. आणि हा गाढव खूश. "दाजी, बरं वाटून राहिलं." तुला काय, कशानंही बरं वाटतं.

४ एप्रिल

आज हद्द झाली. "जो उतरनार त्यानं सोता गाठीला हात लावून बघायचं." मी म्हटलं, मॅडम, हे आमच्यात चालत नाही. विहिरीत उतरणारा वरच्याची गाठ चाचपत नसतो. म्हणून तर दोरावर नात्यातला माणूस ठेवतात. बायकोच्या भावाला कोण पाडेल? संध्याकाळी घरी तोंड दाखवायचं असतं. गाठ चाचपली म्हणजे थोबाडीत मारली. माझ्या बापाची गाठ एकानं चाचपली तर त्यांनी विहीर अर्धी टाकून गाव सोडलं होतं.

ती म्हणाली, "काका, गाठीला नातं कळत न्हाई." पोपटपंची! पुस्तकात वाचलं असेल.

भागवतला विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, दाजीच्या गाठीला म्या सगळ्यांदेखत हात न्हाई लावनार." शाबास. तेवढं एक वळण आहे त्याला, बाकी सगळा आनंद.

५ एप्रिल

शर्टाची बटणं बायकोनं, शकुनं लावून दिली. उजवा अंगठा आणि दोन बोटं बधिर आहेत. पोळ्याच्या आधीपासून. विचारलं तर सांगतो, खाटेवर हात अवघडला. कुणाला सांगायचं कारण नाही. गाठ काय बोटांनी बांधतात? गाठ सवयीनं बांधली जाते.

७ एप्रिल

ओमप्रकाश म्हणून इमारतीचा मॅनेजर आहे. पुढच्या सोमवारी उद्घाटन, म्हणून पायाला भिंगरी लागलीये त्याच्या. मॅडमला म्हणतो, "दूसरी रस्सी छोडो, टाइम जाता है." हा माणूस गच्चीवर आला की कठड्यापासून दहा हात लांब उभा राहतो. माझ्याच मनातलं बोलला, पण असल्याच्या तोंडून ऐकलं आणि माझीच मला लाज वाटली.

मॅडम म्हणाली, "दूसरी रस्सी छोडी तो काम बंद." आवाज चढवला नाही. तो खाली निघून गेला. पोरीत हट्ट आहे. अक्कल असती तर बरं झालं असतं.

भागवत मात्र दिवसेंदिवस भित्रा होत चाललाय. मी गाठ बांधून टाकीमागं तंबाखू मळायला जातो, परत येतो तरी हा कठड्याशीच घुटमळत असतो. म्हटलं, तुला काय मुहूर्त पाहिजे का? नुसता हसला.

८ एप्रिल

भागवत उद्यापासून दोन दिवस रजेवर. त्याच्या पोरीला, आरोहीला बघायला पाहुणे येणार आहेत. त्याच्या जागी शिवहार म्हणून कळमनुरीकडचा माणूस पाठवलाय. नात्याचा ना गोत्याचा. त्याला म्हटलं, गाठीला हात लावायचा नाही. तो म्हणे, "बरं." असली माणसं मिळतात आजकाल.

९ एप्रिल

मॅडमनं नवीन टूम काढली. माणूस नवा, तर आधी वाळूची पोती. दोन पोती एकत्र बांधून, शिवहारच्या वजनाइतकी, कठड्यावरून सोडायची. खाली लाल पट्टी बांधून माणसं हटवली. मी म्हटलं, माझ्या गाठीवर आता वाळूसुद्धा भरवसा ठेवायला तयार नाही का? शिवहार दात काढत होता.

पोती सोडली.

एक मजला गेली असतील. दोरीला झटका बसला आणि गच्चीच्या खांबावरची गाठ सरसर सरकत सुटली. माझ्या डोळ्यांसमोर. पोती खाली जाऊन फुटली.

दुसरी दोरी पोत्यांना लावलीच नव्हती; मॅडमनं ती हातानं ओढली. तीपण सुटली. दोन्ही माझ्याच.

शिवहारनं अंगावरचे पट्टे सोडायला घेतले. ओमप्रकाश खालून ओरडत होता, मॅडमनं वाकून सांगितलं, "टेस्ट था." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, हात दाखवा." मी दाखवला नाही. म्हटलं, नवी नायलॉनची दोरी, बुळबुळीत आहे, असल्या दोरीला कुणाचीही गाठ धरत नाही. कंपनीला दोरी घ्यायची अक्कल नाही आणि आम्हाला पट्टे घालतात.

१० एप्रिल

काम बंद. शकुनं विचारलं, लवकर कसे आले. म्हटलं, सुतळी कुठाय.

दोरी बुळबुळीत नव्हती. आठ महिने तीच दोरी वापरतोय. नांदेडच्या इमारतींवर तीच होती.

घरी खाटेच्या पायाला सुतळी बांधून बघितली. ओढली, सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. शेवटचा फेरा आत गेलाय असं मला वाटतं, आणि तो गेलेला नसतो. बोटांना कळतच नाही. अकरा वेळा बांधली. दोनदा धरली.

गाठ तीच, बोटं तीच. मग भागवत आठ महिने जिवंत कसा? भीती वाटते. लिहून टाकलं.

११ एप्रिल

भागवत आला. गच्चीवर विचारलं. त्यानं पट्टा आवळला. मग म्हणाला, "पोळ्यापासून तुमी टाकीमागं गेले की म्या गाठ सोडून पुन्हा बांधत राहिलो, दाजी. तुमच्यावानीच दोरीचा शेंडा लोंबता सोडायचो, म्हंजी तुमाला कळू नये. पहिल्याच दिशी सांगनार होतो. पन तुमाला तकलीफ झाली असती."

आज गाठ त्यानं बांधली, माझ्यासमोर. म्हणाला, "हात लावून बघा."

लावला. बोटांना काही कळलं नाही. गाठ बघायला मॅडमला हाक मारली.