देवराईतली वाळकी काडी

आई,

तुझी ती चालणारी काडी सापडली. खरंच सापडली! माझ्याकडे फोटो आहेत, व्हिडिओ आहे, आणि पुण्यातल्या ज्या जाणकार सरांना ते पाठवले होते त्यांचं उत्तरही काल आलं. तेव्हापासून माझा पाय जमिनीवर नाही. भेटेल त्याला सांगत सुटलेय. एक तूच राहिलीस, आणि खरं तर पहिलं तुलाच सांगायला हवं होतं.

मी दुसरीत असेन. तू चुलीपुढे बसली आहेस, ओलं सरपण नुसतं धुमसतंय, आणि डोळे पुसत तू फुंकणी फुंकतेयस. मला वाटलं, आपण जरा शहाणपणा करावा. धावत देवराईत गेले आणि खाली पडलेल्या वाळक्या काड्या फ्रॉकच्या ओच्यात भरून आणल्या. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, मिळाला तो पाठीत धपाटा. "देवाची काडी हाय ती! जितनं उचलली तितं नेऊन ठेव." भाकरी तव्यावरून उतरवून तू माझं मनगट धरलंस आणि एकेक काडी माझ्याकडून परत ठेवून घेतलीस. मी भोकाड पसरलेलं, तू ढिम्म. आणि गारंबीच्या वेलाशी तू एकदम थांबलीस. "ती बग गं, वाळकी काडी वर चाललीया." मी रडक्या डोळ्यांनी वर पाहिलं, मला काहीच दिसलं नाही.

घरी आल्यावर तू थोरल्या काकीला सांगितलंस आणि काकी पोट धरून हसली. "हरणटोळ साप असंल. हिरवा असतोय त्यो."

"हिरवा न्हवं. काडीच व्हती, तोंड व्हतं तिला. मी काय आंधळी हाय व्हय?"

पुढे किती वर्षं, तू सरपणाला निघालीस की काकी ओट्यावरून विचारायची, "आज चालली का गं काडी?" तू आधी चिडायचीस. मग हसण्यावारी न्यायला लागलीस, मग तेही सोडलंस, आणि काडीचा विषयच पुन्हा काढला नाहीस. ते मला फार लागायचं. मी बारावीत असताना तू गेलीस, ती खोटी ठरूनच गेलीस.

सापांचं वेड मला नंतर लागलं. हिंजवडीत नोकरी, जवळच्या जांबे गावात भाड्याची खोली, आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन रानात. हरणटोळाचा एक तपकिरी भाऊबंद असतो, हुबेहूब वाळक्या फांदीसारखा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. पण आपल्या देवराईत तो आहे अशी नोंद करायला फोटो लागतो. माझ्या आईनं पाहिलाय, एवढं चालत नाही. म्हणून मग दर पावसाळ्यात तिथं चकरा, आणि दर वेळी हात हलवत परत.

यंदा गौरींना घरी आले, बरोबर ऑफिसातली मैत्रीण होती. सकाळी आम्ही देवराईत शिरलो. गारंबीवर एक हिरवागार हरणटोळ पसरलेला. तोही देखणाच, म्हणून मी कॅमेरा लावला. पण मध्ये एक वाळकी काडी आडवी येत होती आणि फोकस सारखा तिच्यावरच जात होता. मैत्रीण वैतागली. "अगं, मोड ना ती. एका काडीसाठी फोटो घालवतेस का?"

मी हात पुढे केला. बोटं अगदी टेकायची बाकी होती. आणि काय सांगू, पाठीत धपाटा बसल्यासारखा मी हात मागे घेतला. तेवढ्यात काडीनं जीभ बाहेर काढली.

मी किंचाळले नाही, एवढंच माझं कौतुक. एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, डोक्यावरच्या खवल्यांचे, सगळे फोटो घेतले. डोळ्यातली बाहुली आडवी, नाकाचं टोक पुढे आलेलं. वारा आला की तो वेलाबरोबर झुलायचा, वारा थांबला की थांबायचा. मग तो झुलत झुलत वर निघाला, तू सांगायचीस तस्साच. मैत्रीण विचारत होती की रडतेस कशाला, आणि मी हसतही होते.

सरांनी कळवलं, तपकिरी हरणटोळच, शंका नाही. नोंद झाली, आई! काल रात्रीच फोन करून काकीला व्हिडिओ बघायला लावला. आता ती फार थकलीय. "ही तर काडीच हाय की," म्हणाली. मग जीभ दिसली. "आगं बया!" व्हिडिओ तिनं पुन्हा पहिल्यापासून बघितला. मग म्हणाली, "लई हसले गं मी तिला."

हे पत्र देवराईत नेऊन ठेवावं असं मनात होतं. पण तिथं कागद टाकलेला तुला खपायचा नाही, तेव्हा माझ्याजवळच राहू दे.

एक मात्र तुला सांगते, बाहेर कुणाला बोलले नाही. फोटो बघून सगळे म्हणतात, काय नजर आहे तुझी, काडीतला साप ओळखलास! मी आपली मान डोलावते. मी काही ओळखलं नव्हतं, आई. मलाही ती काडीच वाटली होती. हात मागे घेतला तो तुझ्या धाकानं.