तुझ्या वाटणीचे धडे

प्रिय सिद्धू,

परवा, शनिवारी, समाजशास्त्राचा पेपर आहे. तोच विषय, ज्यात मी मागच्या खेपेला नापास झालो. सकाळपासून पुस्तक उघडतो आणि दोन ओळी वाचल्या की तुझा राग येतो. राग डोक्यात ठेवून अभ्यास होत नाही, आणि तो काढायला समोर तू नाहीस. म्हणून लिहितोय. सात रस्ता चौकातली वीज गेली आहे, दुकानातली झेरॉक्सची मशिनं बंद आहेत, मालक जेवायला घरी गेलेत. तेवढ्यात लिहून होईल.

मला एकच विचारायचं आहे. तुझ्या वाटणीचे धडे तू खरंच वाचले होतेस का?

नववीतून शाळा सोडलेला मी आणि दहावी नापास तू. पूर्वतयारीची परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठातून आपण बी.ए.ला बसलो, तेव्हा ती जाड पुस्तकं हातात आल्यावर मी नुसती पानंच मोजत बसलो होतो. तू समाजशास्त्राचं पुस्तक सरळ मधोमध उघडलंस. "हिकडचे धडे तुझे, तिकडचे माझे. आपापलं वाचायचं आन् दुसऱ्याला सांगायचं. निम्म्या कष्टात पास की."

आणि मी ऐकलं. मी, जो दुकानाचं कुलूप दोनदा ओढून बघतो, त्याने अर्धं पुस्तक दुसऱ्याच्या भरवशावर कसं सोडलं?

रविवारी अभ्यासकेंद्रातला तास संपला की आपण चहाच्या गाडीमागच्या कट्ट्यावर बसायचो. मी माझा धडा म्हणायचो. म्हणायचोच, सांगायचो नाही. कुटुंबाची व्याख्या, अगदी स्वल्पविरामासकट. मध्येच एखादा शब्द आठवला नाही की थांबायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. तू कपाळाला हात लावायचास. "दत्त्या, तू मशीन चालवतोस का तूच मशीन हाईस? व्याख्या ठेव तिकडं. मला कुटुंब सांग की."

तुझी पाळी आली की तू पुस्तक पिशवीतून बाहेरच काढायचा नाहीस. होटगीच्या गोष्टी सुरू व्हायच्या. रेल्वेच्या कामावर ठेकेदाराकडे तू मजुरीला होतास. तिथं कोण कुणाच्या डब्यातलं खातो, कुणाच्या ओंजळीत पाणी वरून ओततात, हे सगळं तू चहा गार होईपर्यंत सांगायचास. सामाजिक स्तरीकरणाचा धडा तू असा शिकवलास: "माणसं तीन प्रकारची. एकाला खुर्ची आणून देत्यात. दुसऱ्याला नुसतं बसा म्हणत्यात. तिसऱ्याला कुणी कायच म्हणत न्हाय, ते उभंच ऱ्हातंय. झालं स्तरीकरण."

मी ते घरी जाऊन पाठ केलं. तीन प्रकार, क्रमाने.

मग थंडी सरता सरता तुला कावीळ झाली. "साधी हाय, उतरंल," असं तू फोनवर म्हणालास. तुझे चार धडे सांगायचे राहिले होते. शेवटच्या फोनवरही आपण तेच बोललो, कुठले धडे राहिलेत आणि कधी उरकायचे. दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं, नाही का? मला सुचलं नाही. तुलाही सुचलं नाही.

कावीळ उतरली नाही. तू गेलास, आणि परीक्षेला मी एकटा बसलो. सामाजिक स्तरीकरणाचे प्रकार स्पष्ट करा, असा प्रश्न आला आणि मला हायसं वाटलं. खुर्ची मिळणारे, बसा म्हटले जाणारे, उभे राहणारे, असे तीन मथळे घातले, खाली पट्टीने रेघ मारली. राहिलेल्या धड्यांवरचे प्रश्न कोरे सोडले. निकाल लागला, आणि तेव्हा कुठे तुझ्या वाटणीचं अर्धं पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं. त्यात खुर्ची कुठेच नव्हती, सिद्धू. गुलामगिरी होती, जात होती, वर्ग होता.

आई म्हणाली, "आता ह्या खेपेला न्हाय झालं तर सोड बाबा हा नाद. दुकान तरी नीट कर." मालकही मला संध्याकाळी लवकर सोडतात ते या परीक्षेपुरतंच. परवाचा पेपर गेला तर शिक्षण संपलं, हे मला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

मागच्या आठवड्यात होटगीला तुमच्या घरी गेलो होतो. तुझ्या आईने, अव्वाने, चहा दिला. मला बघून तिला बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही. तुझ्या बहिणीला, भाग्याला, विचारलं, "सिद्धू वाचायचा का गं घरी?"

"कधी वाचायचा, कधी न्हाय. कामावरनं आला की पुस्तक छातीवर आन् हा घोरतोय."

"स्तरीकरणाचा धडा वाचला होता?"

"कंचा धडा ते मला काय म्हाईत? पण एकदा म्हणला, त्या दत्त्याला काय बी सांगितलं की पाठच करतोय. पाठच करता येनार न्हाय असं कायतरी सांगाय पायजे त्याला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ते काय जमलं न्हाय वाटतं?"

अव्वा पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आलं, पण येताना बसमध्ये पुन्हा तुझाच राग. निदान एकदा तरी म्हणायचं होतंस, अरे, हे उदाहरण आहे, उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक वकील आले. मालकांनी स्टूल फडक्याने पुसून पुढे केलं. मागून एक शिक्षिका आल्या, त्यांना "बसा ना मॅडम" म्हणाले. चादरीच्या कारखान्यातली एक बाई रेशनकार्ड घेऊन कधीची उभी होती. आणि मशीनपाशी मी. मी तर रोजच उभा असतो, कधी मोजलंच नव्हतं स्वतःला. गिऱ्हाईक ओसरल्यावर पुस्तक उघडलं. प्रतिष्ठेचं असमान वाटप होतं, हे वाक्य मी कितीदा घोकलं असेल. त्या दिवशी ते घोकावं लागलं नाही.

मग पुस्तक मिटून अर्धं पान लिहिलं. जात, वर्ग, आणि आमचं दुकान. लिहिल्यावर पुस्तकाशी ताडून बघितलं, तर एकही वाक्य जुळेना. पुन्हा एकदा ताडून बघितलं. पुस्तकातलं लिहिलं की चूक निदान दुसऱ्याची असते. हे बरोबर आहे की चूक, कोण सांगणार? तू असतास तर काहीतरी खोचक बोलून मोकळा झाला असतास. तेवढंही पुरलं असतं मला.

तू तो धडा वाचला होतास की नाही, ते आता कळायचं नाही. तुझ्या राहिलेल्या चार धड्यांपैकी तीन मी वाचलेत. चौथा आज वाचणार आहे. सगळं पुस्तक एकट्याने वाचायला फार वेळ लागतो रे, आणि फार शांत वाटतं. ती शांतता मला सोसत नाही.

तरी तुला एक शब्द देतो. शनिवारी एखादा शब्द अडला तर मी पेन खाली ठेवणार नाही. पहिल्यापासून सुरू करणार नाही आणि एकही प्रश्न कोरा सोडणार नाही. समजलंय तेवढं लिहीन, वाक्य वेडंवाकडं झालं तरी. निकाल जो लागेल तो होटगीला येऊन अव्वाला सांगेन. आणि नापास झालोच, तर या वेळी माझ्या स्वतःच्या उत्तरांनी होईन.

तुझ्यावर अजून चिडलेला,
दत्ता