बॉयलरमधली वाइन

अहो,

पत्रात तुम्हाला काय म्हणावं ते सुचेना, म्हणून घरातलीच हाक मारली. तुम्ही गेल्यापासून कधी लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण काल मला इतकी किळस आली की जेवण गेलं नाही.

दिंडोरीकडे आता नव्या वाइनऱ्या निघाल्यात. प्रकाशभाऊजी त्यातल्या एकीला द्राक्षं घालतात. काल तिथल्या कार्यक्रमाला मला घेऊन गेले. "वहिनी, गंमत दाखवतो." बघते तर टेबलावर तुमचं इंजिन, तुम्ही हातानं घडवलेलं ते वाफेचं छोटं आगगाडीचं इंजिन. बॉयलरला भोक पाडून तोटी बसवलेली, माणसं ग्लास घेऊन रांगेत उभी, आणि चिमणीत उदबत्ती. शी!

त्या बॉयलरमध्ये तुम्ही नळाचं पाणीसुद्धा घालू द्यायचा नाहीत. क्षार धरतात म्हणून पावसाचं पाणी गाळून ठेवायचं, तेही माझ्या लोणच्याच्या बरण्यांत. किती चिडायचे मी!

सातपूरच्या कारखान्यात दिवसभर लेथवर उभं राहून यायचात आणि पुन्हा तांब्याचा पत्रा ठोकत बसायचात. मी सांडशीनं पत्रा धरायचा, तुम्ही झाळ लावून सांधे जोडायचात. पोळ्या तशाच राहायच्या. गच्चीवर रूळ टाकलेत, तर वाळत घातलेल्या चादरी काजळीनं काळ्या. पण एवढ्याशा त्या इंजिनानं आपल्या दोघांना ओढलं, त्या दिवशी मी चादरींचं नाव काढलं नाही.

दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. तेव्हा ह्याच भाऊजींनी सगळ्यांदेखत हात जोडले, "दादा, तुझं इंजिन घरातून हलणार नाही." लगेच शिवला. इतके कसे हो भोळे तुम्ही? सख्खा भाऊ ना तुमचा, ओळखत नव्हतात? पुढं "पॉलिश करून आणतो" म्हणून घेऊन गेले. विचारलं की, "झालंच वहिनी."

काल मी विचारलं, "भाऊजी, हे खरंच चालतं, हे सांगितलंत का ह्या लोकांना?"

"आता कोण चालवणार, वहिनी? इथं निदान चार लोक बघतात तरी."

"उचला," म्हटलं.

"अहो, मालक काय म्हणतील?"

"उचला."

गाडीपर्यंत त्यांच्या पांढऱ्या शर्टावर वाइन गळत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता इंजिन ओट्यावर आहे. सोडा घालून गरम पाण्यानं धुतलं, तरी आंबूस वास जात नाही. त्या तोटीच्या जागेकडं बघवत नाही.

तेव्हा ऐका. भोक मी स्वतः बुजवणार. झाळ कशी लावतात ते इतकी वर्षं बघितलंय. आधी थंड पाणी भरून पंपानं दाब देईन, गळलं तर पुन्हा झाळीन, आणि मगच कोळसा पेटवीन. मग दर रविवारी चालवीन. जपून ठेवणार नाही. मी गेल्यावर कुणाला शोभेला मांडता येईल असं काही उरता कामा नये, इतकं झिजवीन ते.

तुमची,
सुमन