पैलतिरावरची प्रत

रविवार, ३ मार्च

खोकं आलं! दोन माणसांनी उचलून आणलं. ही दारात उभी राहून म्हणाली, "फ्रिज मागवलात की काय?"

फ्रिज नव्हे. भांडार! घरातलं, स्वतःचं. चार हार्ड डिस्क पोटात घेऊन बसणारी काळी पेटी. एक डिस्क मेली तरी दुसरी उभी. उभा जन्म कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेला. तिथं माझ्या हातून एक फाईल हरवली नाही. मग घरचं भांडार काय अवघड आहे?

आत ठेवायचे ते ताईचे फोन. बस, तेवढंच. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. ती शाळेतल्या एखाद्या कवितेची ओळ म्हणते, मी पुढची म्हणायची. लहानपणचाच खेळ. दोन वर्षं झाली, मी ते सगळं रेकॉर्ड करून ठेवतोय. कारण ताई अलीकडे मध्येच थांबते. "पुढं काय रे?" म्हणते. जिनं बोट धरून मला शाळेत नेलं, वाटेवर आख्खं पुस्तक माझ्याकडून घोकून घेतलं, ती विचारते — पुढं काय! मी ओळ दिली की म्हणते, "हां, बरोबर."

जीव तुटतो. म्हणून ठरवलं. तिच्याकडे आहे तोवर सगळं भरून ठेवायचं.

मंगळवार, ५ मार्च

पेटी जोडली. एक स्क्रू उरला.

पुन्हा उघडली. स्क्रूला कुठंही जागा नाही. पुन्हा लावली. आता दोन उरले! ही म्हणाली, "एक पेटीचा असेल. दुसरा तुमचा, डोक्यातला." दोन्ही काडेपेटीत घालून ठेवले. पेटी चालते आहे. पंखा असा घरघरतो की कोपऱ्यात कुणीतरी जेवून डाराडूर झोपलंय.

चार डिस्कच्या दोन जोड्या केल्या. जोडीतल्या दोघी एकमेकींचा आरसा — एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. पहिल्या जोडीत ताईचे फोन, दुसरी जोडी पहिलीची नक्कल. पेटीनं विचारलं, जोड्यांना नावं काय? अरसिक माणूस 'एक' आणि 'दोन' लिहील. मी वृत्तांची नावं दिली. फोन जिच्यात आहेत ती मालिनी. अजून रिकामी ती मंदाक्रान्ता.

ही डोकावून म्हणाली, "त्यापेक्षा एकीवर 'भरलेली' अशी चिठ्ठी लावा, एकीवर 'रिकामी'."

"ते काय साखरेचे डबे आहेत?"

"डब्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या तेव्हा चहात मीठ कोणी घातलं होतं?"

रसिकाचं लग्न झालं की असं होतं.

गुरुवार, ७ मार्च

फोनमधलं सगळं रेकॉर्डिंग मालिनीत उतरवलं आणि फोनमधून पुसून टाकलं. फोन कसा हलका झाला. मीही.

शुक्रवार, ८ मार्च

हिच्याबरोबर डिस्कवाल्याच्या दुकानात. तिला म्हणे त्याच बाजूला भाजी घ्यायची होती. हल्ली मी निघालो की हिला नेमकी त्याच बाजूची भाजी लागते.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. वायरींचं जंगल, मध्ये एक टेबलपंखा आणि त्यामागे डिस्कवाला, पन्नाशीचा, पोटावर चष्मा लोंबतोय. त्याला ऐटीत सांगितलं — चार डिस्क, दोन आरसे!

"काका, किती आहे माल?"

"दोन वर्षांचे रविवार."

तो हसला. "अहो, हे सगळं नखाएवढ्या कार्डात मावेल."

मावेल हो. पण ताईला नखावर कसं ठेवू?

मग म्हणाला, "आणि आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे. तुम्ही तोंडाला काळं फासलंत तर आरशातलंही काळंच दिसणार. एक प्रत घराबाहेर ठेवा. घराला आग लागली तर?"

ही म्हणाली, "तो पंखा तसाच घरघरत राहिला तर मीच लावीन."

घराबाहेरच्या प्रतीसाठी एक सुटी डिस्क घेतली. ताईकडेच पाठवणार. तिचा आवाज तिच्याच घरी, पैलतिरावर! डिस्क देताना तो म्हणाला, "काका, हे सगळं मागच्या खेपेलाही सांगितलं होतं मी." आणि हिच्याकडे बघितलं. बिचारा. दिवसभर तेच तेच बोलून सगळीच गिऱ्हाइकं त्याला सारखी दिसत असणार.

रविवार, १० मार्च

ताईचा फोन. आज आमची लाडकी निघाली.

*पैलतिरीच्या दिव्या, सांग रे,*
*कोण लावते वात?*

आणि थांबली. "पुढं काय रे?"

मी खणखणीत आवाजात —

*वादळ सुटले, विजा नाचल्या,*
*कोण धरी वर हात?*

"हां, बरोबर. आणि दुसरं कडवं?"

दुसऱ्या कडव्यापाशी मीही थांबलो. मुद्दाम. तिला एकटीला कमीपणा वाटू नये म्हणून. एवढंही कळू नये का माणसाला? 'दिवा म्हणे...' अशी सुरुवात आहे. मनात सगळं आहे. इथं लिहीत नाही, चहा निवतोय.

ताई म्हणाली, "असू दे रे, पुढच्या रविवारी." फार मऊ आवाजात म्हणाली. विसरणाऱ्या माणसाचा आवाज असाच मऊ होत जात असावा.

नंतर ही पलीकडच्या खोलीत जाऊन तिच्याशी बोलत बसली. नणंद-भावजयीचं इतकं गूळपीठ मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

डॉक्टरांकडे. रक्तदाब उत्तम. माणूस चांगला, पण गप्पांचं वेड फार. शाळा कोणती, सकाळी काय खाल्लं, आज वार कोणता. दवाखान्यात एक कॅलेंडर तरी लावा म्हणावं.

शुक्रवार, १५ मार्च

गेलं.

शनिवार, १६ मार्च

काल लिहिवलं नाही. आज लिहितो. माझ्या अकलेची एक तरी प्रत शिल्लक राहू दे.

दुपारी ही झोपली होती. म्हटलं, नक्कल करून टाकू. पेटीवर दोन चौकोन येतात — कुठून, आणि कुठं. खाली एक खूण — दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करा. बोट वर धरलं आणि अडलो. भरलेली कोणती? मालिनी की मंदाक्रान्ता?

आता रसिकाचा तर्क पाहा. मंदाक्रान्ता म्हणजे मंद चालीची. मंद कोण चालेल? जिच्या डोक्यावर भार आहे ती! म्हणजे भरलेली तीच. मालिनी काय, हलकीफुलकी, माळा घालून बागडणारी. रिकामी तीच असणार. मराठीच्या गुरुजींनी पाठ थोपटली असती. 'कुठून'मध्ये मंदाक्रान्ता, 'कुठं'मध्ये मालिनी. खूण केली. बटण दाबलं.

पेटी म्हणाली, काम पूर्ण. इतक्या लवकर? मला कौतुक वाटलं!

रिकाम्या जोडीनं भरलेली जोडी तंतोतंत आपल्यासारखी करून घेतली होती. आरशांनीही आज्ञा पाळली. चारही डिस्क लख्ख. मग तोंडचं पाणी पळालं. घाबरून आणखी एक बटण दाबलं — 'नव्याने तयार करा'. मला वाटलं, गेलेलं परत तयार करील. तिनं उरलासुरला मागमूसही धुऊन काढला.

आणि या वहीत, ५ तारखेच्या पानावर, माझ्याच हातचं — फोन जिच्यात आहेत ती मालिनी. पान उलटायला काय झालं होतं? पण मी इतकी ताजी गोष्ट विसरेन असं कुणाला वाटेल!

चिठ्ठी लावायला हवी होती. साखर. मीठ.

हिला अजून सांगितलं नाही.

रविवार, १७ मार्च

ताईचा फोन घेतला नाही. ही म्हणाली, "घ्या की." म्हटलं, पोट दुखतंय. शाळेत पाठांतर झालं नसलं की नेमकं हेच दुखायचं.

सोमवार, १८ मार्च

हिला सांगितलं. वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. सुटला नाही. नुसती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ती घराबाहेरची प्रत होती ना?"

खरंच की! ताईकडे पाठवलेली डिस्क! मी टुणकन उठलो. पाठवलीच आहे मी, पार्सल बांधल्याचं डोळ्यांसमोर दिसतंय, वर सुतळीसुद्धा. ही उठली, माझं कपाट उघडलं आणि स्वेटरच्या मागून डिस्क काढली. कोरी. वरचा प्लास्टिकचा कागदही फाडलेला नाही. तिच्या मागं तसलीच आणखी एक. तीही कोरी.

"दोन कशा?" मी म्हटलं.

"तुम्ही दोनदा आणलीत."

"प्रतीची प्रत," म्हटलं मी. हसलो. ती नेहमी हसते, आज हसली नाही. रागावली असेल. हक्कच आहे तिचा.

बुधवार, २० मार्च

पेटी घेऊन डिस्कवाल्याकडे. मी एका बाजूनं धरलेली, ही दुसऱ्या बाजूनं. रस्त्यातली माणसं वाट देत होती, जसं काही आम्ही कुणाला दवाखान्यात नेतोय.

त्यानं पेटी उघडली, दिवसभर काहीतरी लावून ठेवलं, आम्हाला दोनदा चहा पाजला. शेवटी चष्मा पोटावर सोडला आणि मान हलवली. "नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं, काका. तुम्ही पुसून वर धुतलंत."

पैसे घेईना. तेव्हा कळलं, खरंच गेलं. पैसे न घेणारा वैद्य वाईट.

माझे ते दोन स्क्रू मात्र त्यानं जागच्या जागी बसवले. म्हणाला, झाकणाचे होते. पंखा म्हणून घरघरत होता.

गुरुवार, २१ मार्च

पंखा गप्प. घर फार शांत झालंय. ताईचे दोन वर्षांचे रविवार माझ्यापाशी सुखरूप होते तोवर ती कितीही विसरली असती तरी चाललं असतं. आता ती जे विसरेल ते जगातूनच जाणार. आणि घालवलं कुणी? ज्याच्या हातून एक फाईल हरवली नाही, त्या महापुरुषानं!

रविवार, २४ मार्च

ताईला सांगून टाकलं. उभ्यानं सांगितलं, वर्गात उभं राहतात तसं. मालिनी, मंदाक्रान्ता, सगळं. तिकडं ताई जी हसत सुटली! "अरे वेड्या! वृत्त बघून डिस्क पुसलीस? गुरुजी असते तर छडी मोडेपर्यंत मारलं असतं!" मलाही हसू आलं. आम्ही दोघं कितीतरी वेळ हसत होतो, म्हातारी पोरं.

मग फोन भाचीनं घेतला. ती ताईजवळच राहते. म्हणाली, "मामा, रडू नकोस." मी कुठं रडत होतो? हसताना पाणी येतं डोळ्यांत. "आमच्याकडे आहेत सगळे फोन. मी पण दर रविवारी रेकॉर्ड करते."

"तू? कशाला गं?"

ती अडखळली. "असंच. आईला आवडतं ऐकायला."

घराबाहेरची प्रत! मी न पाठवताच पैलतिरावर होती! ताई मागून ओरडत होती, "पाठव गं त्याला, काय व्हायचं ते होऊ दे."

काय व्हायचं म्हणजे? आता काय होणार? सगळं चांगलंच होणार!

शुक्रवार, २९ मार्च

भाचीचं पार्सल आलं. खरोखरच्या सुतळीचं. मालिनीवर पांढरी चिठ्ठी — 'भरलेली'. मंदाक्रान्तेवर — 'रिकामी'. हिच्या अक्षरात. बटण दाबताना हिला बाजूला बसवलं. कुठून, कुठं, दोनदा मोठ्यानं वाचलं. आता दोघीही भरलेल्या. चिठ्ठी बदलली. हिला म्हटलं, साखर ती साखर. रविवारी फोन यायच्या आधी ऐकत बसणार. १० मार्चचंच पहिलं लावीन, दिव्याचं.

रविवार, ३१ मार्च

ऐकलं.

मी फोन ठेवला की माझं रेकॉर्डिंग तिथंच थांबायचं. भाची दुसरा फोन टेबलावर ठेवत असणार, तिचं चालू राहतं. "ठेवतो गं ताई" — हा मी. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग ताई, एका दमात, कुठंही न अडता —

*दिवा म्हणे, मी असाच जळतो,*
*पुसू नको रे नाव;*
*चुकली नौका ज्याची, त्याचे*
*माझ्यापाशी गाव.*

मग हळू आवाजात, भाचीला: "मागच्या महिन्यात हे कडवं होतं त्याच्याजवळ. आज नाही आलं. मामीला सांग, मंगळवारी डॉक्टरांच्या कानावर घाल म्हणावं."

कुठून आणि कुठं. इथंही मी उलटंच भरलं होतं.

फोन वाजला. ही दारात उभी होती, हातात माझा चहा. ताई म्हणाली, "पैलतिरीच्या दिव्या, सांग रे..." आणि नेहमीसारखी थांबली. "पुढं काय रे?"

म्हटलं, "ताई, आज तू म्हण. सगळी म्हण."