मिस्त्रीचे अकरा नग

५ जुलै

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग लिहिलं तरी नमस्कार उभ्यानेच घालतो आहे, कारण पालथं पडलं की उजव्या बरगडीखाली कळ येते. असो, तो विषय पुढच्या वर्षी.

टेकडीवरच्या या वेधशाळेत येऊन मला नऊ दिवस झाले. मोबाइलला रेंज नाही. बिनतारी यंत्रावर फक्त तापमान आणि वाऱ्याचा वेग सांगायचा, खासगी काही बोललं की साहेब खाकरतात. टपाल दर गुरुवारी जीपने येतं आणि त्याच जीपने जातं. आणि माझं नशीब बघ, ज्या खोक्याची चौदा महिने वाट पाहिली ते मी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात येऊन पडलं.

त्यात मिस्त्रीचा बाहुला आहे. जुन्या अवकाश-मालिकेत बिघडलेली यानं दुरुस्त करत ग्रहाग्रहांवर हिंडायचा, तो. बारा इंच उंच, बत्तीस सांधे, अकरा सुटे नग. संग्राहकांच्या त्रैमासिकात त्याचं परीक्षण या महिनाअखेर पोचलं नाही, तर संपादक माझं सदर दुसऱ्याला देणार आहेत. मागचे दोन अंक मी पोटदुखीपायी चुकवले, आता तिसऱ्याला माफी नाही.

तेव्हा आत्या, खोकं तू उघड आणि काय दिसतं ते मला कळव. दोन पानी सूचना सोबत आहेत. हातमोजे घाल, चिकटपट्टी कापू नकोस, केस वाळवायच्या यंत्राने गरम करून सोडव. माझ्या कपाटातली चाळीस खोकी मी आजवर उघडलेली नाहीत. एकदा उघडलेली वस्तू पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, मग कितीही नीट मिटवा. पण इलाज नाही.

सर्जनसाहेब भेटले तर सांग की अचानक काम निघालं म्हणून तारीख मोडली.

लोभ आहेच, तो खोक्यालाही थोडा लाभावा.

तुझा,
बटण्या


९ जुलै

चि. बटण्यास,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे पोचते करते, उरलेले तू ऑपरेशनची तारीख दिलीस की.

एकतीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून उभी राहिले. माणसं उघडलेली पाहिली आणि नीट मिटलेलीही पाहिली. पुठ्ठ्याचं खोकं उघडायला मला दोन पानी सूचना लागत नाहीत. तरी तुझं मन राखायला हातमोजे घातले. केस वाळवायचं यंत्र माझ्याकडे नाही, वाळवण्याइतके केसही नाहीत. शस्त्रक्रियेच्या अकरा नंबरच्या पात्याने पट्टी कापली. रेघ अशी सरळ आली की आमच्या मोठ्या सर्जननी मान डोलावली असती.

जेवणाच्या टेबलावर उकळून इस्त्री केलेली चादर घातली, तिच्यावर स्टीलचा ट्रे ठेवला. मिस्त्रीला नऊ ठिकाणी प्लॅस्टिकच्या दोऱ्यांनी बांधलेलं होतं. टाके काढतात तसे काढले. रुग्णाने सहकार्य केलं, तुझ्यासारखं घर डोक्यावर घेतलं नाही.

आता तपासणी. खांदे छान फिरतात. गुडघे माझ्यापेक्षा बरे वाकतात. डावं कोपर काटकोनाच्या पुढे जात नाही, म्हणजे त्या हाताने त्याला स्वतःचं नाक खाजवता येणार नाही. उजवा डोळा समोर बघतो, डावा छताकडे. रंगवणाऱ्याचं तेव्हा जेवणाच्या सुट्टीकडे लक्ष असणार. पाना देखणा आहे, पण मुठीत राहत नाही. अवजार हातात न धरणारा मिस्त्री आपल्याकडे नळ दुरुस्तीला येतो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. वेल्डिंगची टॉर्च मात्र झकास बसते. स्टँडवर पाऊण तास ताठ उभा होता. पंखा दोनवर केला तसा तोंडघशी पडला.

आणि आता मुद्द्याचं. खोक्यामागे अकरा नग छापलेत. मी मोजले : हेल्मेट, जादा पंजे दोन, पाना, टॉर्च, प्राणवायूची टाकी, नळी, दोर, अवजारपेटी, स्टँड. दहा. उलटे मोजले, तरी दहाच. ऊर्जाकोष म्हणून हरभऱ्याएवढं काहीतरी चित्रात आहे, ते ट्रेमध्ये नाही. केर काढणाऱ्या बाईंना मी त्या खोलीत पाऊल टाकू दिलेलं नाही. टेबलाखाली स्वतः रांगले. माझ्या गुडघ्यांचं परीक्षण वेगळं लिहीन.

एका पोटाच्या ऑपरेशनला एकदा एक चिमटा कमी भरला होता. सर्जन म्हणाले, उशीर होतोय, टाके घालूया. मी सांगितलं की मोजणी जमल्याशिवाय दोरा मिळणार नाही. वीस मिनिटं थिएटर खोळंबलं. चिमटा त्यांच्याच गाउनच्या घडीत निघाला. नंतर महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि नंतर जन्मभर माझ्याशिवाय ऑपरेशनला उभे राहिले नाहीत. तूही चार वर्षांचा असताना सदऱ्याचं बटण गिळलंस, तेव्हा ते परत हाती लागेपर्यंत दोन दिवस मी तुझ्या भांड्याशेजारी ठाण मांडून होते. नावच त्यावरून पडलं तुझं. तेव्हा अकरावा नग सापडेपर्यंत परीक्षण निघणार नाही.

सर्जन भेटले. तुझा खोटा निरोप मी दिला नाही. तीनदा तारीख घेऊन तीनदा पळालास. पित्ताशयातले खडे मागे राहत नाहीत रे, तू टेकडीवर गेलास की तेही टेकडीवर येतात.

प्रकृतीला जप म्हणायची सोय तू ठेवलेली नाहीस, म्हणून फक्त

तुझी,
आत्या


१२ जुलै

ती. आत्यास,

सा. न. जीप खाली उभी आहे, चालक भोंगा वाजवतोय, म्हणून थोडक्यात.

अकरा नंबरचं पातं हे शब्द वाचून मी खाली बसलो. त्यातून सावरतो तोच पंखा दोनवर. आता कृपा करून परीक्षण तूच लिही, एक नग कमी म्हण आणि थेट संपादकांना पाठव. कंपन्यांकडून असं होतं, वाचकांना सवय आहे. मोजणीपायी माझं सदर जाईल.

मंगळवारी वारा मोजायच्या मनोऱ्यावर चढताना मधल्याच पायरीवर कळ आली. अर्धा तास कठड्याला धरून होतो. शेवटी स्वयंपाकी वर आला आणि त्याने मला पोत्यासारखं खांद्यावर टाकून खाली आणलं. त्या दिवशीच्या तक्त्यात वाऱ्याच्या रकान्यात माझं ओरडणं धरलं गेलं असावं, असं साहेबांचं मत आहे.

तुला खरं सांगतो, कारण समोरासमोर जमणार नाही. मला दुखण्याची भीती नाही. मला झोपवून कोणीतरी उघडणार आणि मी तिथे नसणार, याची आहे. नंतर मी तोच राहीन का? हसू नकोस.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर ओरडा वाढतो.

बटण्या


१६ जुलै

चि. बटण्यास,

आशीर्वाद. हसले नाही.

ऊर्जाकोष सापडला. काल सकाळी उजेडात भिंग घेऊन बसले. मिस्त्रीच्या छातीच्या पत्र्याखाली चार बारीक स्क्रू दिसले. कोणत्याही सूचनेत त्यांचा उल्लेख नाही. चष्म्याच्या पेचकसाने ते काढले, चारी स्क्रू वाटीत मोजून ठेवले, आणि छाती उघडली. अकरावा नग आतच बसवलेला होता. फक्त त्याच्याखाली कागदाची एक पट्टी अडकली होती, म्हणून संपर्क होत नव्हता. पट्टी काढली, छाती मिटली, स्क्रू चार घेतले होते ते चार परत लावले. बटण दाबल्यावर छातीत निळा दिवा लागला. खोलीत बोलावून केर काढणाऱ्या बाईंना दाखवला. उघडल्याची खूण कुठे दिसते का, म्हणून विचारलं. त्यांना दिसली नाही, आणि त्यांच्या नजरेतून आजवर काही सुटलेलं नाही. तोच मिस्त्री आहे. डावा डोळा अजून छताकडेच आहे.

सर्जनही तुला चारच भोकं पाडणार आहेत. विचारून आले.

आता एक बोलते, मग पुन्हा नाही. तुझे बाबाही पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत राहिले. कावीळ डोळ्यांत उतरल्यावर दवाखान्यात आले आणि पंधरा दिवसांत गेले. इतक्या सर्जनांना मी दटावलं, पण दादाला दटावलं नाही, कारण तो मोठा होता. ते मला अजून झोंबतं. तू लहान आहेस, तुला सोडणार नाही. मला भीती वाटते, बटण्या. ती तुझ्या भीतीपेक्षा वयाने मोठी आहे, तिचा मान ठेव.

३१ जुलैची तारीख मी घेतली आहे. परीक्षण साडेतीन पानं लिहून पाकिटात घातलंय, तिकीट लावलंय. तुझ्या रजेच्या अर्जाची सही-शिक्क्याची प्रत आली की ते पेटीत पडेल. नाही आली तर संपादकांना सदरासाठी दुसरा माणूस शोधू दे.

याला ओलीस ठेवणं म्हणतात हे मला माहीत आहे.

आत्या


१९ जुलै

ती. आत्यास,

सा. न. रजेच्या अर्जाची प्रत सोबत आहे. साहेबांनी न वाचताच सही केली, स्वयंपाक्याने त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं.

एकच अट. आत मोजायला तू हवीस. निवृत्त झालीस हे मला चालणार नाही.

पाकीट आजच टाक.

भित्रा पण तुझाच,
बटण्या


३१ जुलै

चि. बटण्यास,

ही चिठ्ठी तुझ्या उशाशी ठेवून जाते, कारण भेटीची वेळ पाचची आहे आणि नियम मोडणाऱ्या नातेवाइकांना मीच एकतीस वर्षं हाकललं आहे.

मला आत सोडलं नाही. योग्य केलं, मीही सोडलं नसतं. पण मोजणीला जी सिस्टर होती ती माझ्याच हाताखाली शिकलेली. काम संपल्यावर ती दारात आली, मास्क खाली केला आणि मला एकेक करून सगळं सांगितलं. चिमटे, सुया, कापसाच्या घड्या, जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलं. मोजणी बरोबर आहे. खडे सात निघाले, झाकणाच्या डबीत आहेत. मिस्त्रीशेजारी ठेव आणि ही डबी खुशाल उघडू नकोस.

संपादकांचं पत्र आलं. माझं परीक्षण काना-मात्रा न बदलता छापत आहेत. सदर तुझंच राहील, मात्र यापुढे खोकं माझ्या पत्त्यावर पाठवणार म्हणतात.

तू आत असताना दीड तास मी बाकावर बसून होते. हातांना काम दिलं. तुझ्या कपड्यांची पिशवी मांडीवर होती, त्यातलं सगळं मोजलं. चपला दोन, मोजे दोन, रुमाल एक. मग सदऱ्याची बटणं मोजली. काजं सहा आहेत आणि बटणं पाच.

पुन्हा मोजली, पाचच.

डोळे उघडलेस की आधी याचं उत्तर दे, मग पाणी मिळेल.

तुझी, दाराबाहेरच असलेली,
आत्या