पट्टा डावीकडे का सरकतो

कौतोकेइनो, उत्तर नॉर्वे, ६ मार्च १९८४

ती. आजीस,
रावनाचा सा. न. वि. वि.

तुझं खुब्याचं हाड कसं आहे? इथे बर्फगाडीने जीव खाल्लाय. गाडीखाली फिरणाऱ्या पट्ट्याच्या आतली रबरी चाकं महिन्यात तीनदा बदलली, तरी एकाच कडेने झिजतात. पट्टा सारखा डावीकडे सरकतो. दुकानदार म्हणतो, यंदा बर्फ टणक आहे. पट्टा आजोबाच ताणतात, कुणाला हात लावू देत नाहीत. पुढच्या आठवड्यात ते रेनडिअरचा कळप घेऊन गोठलेल्या तळ्यापलीकडे एकटेच जाणार. मध्येच चाक तुटलं तर?

तुझ्या मायेची हक्कदार,
रावना

हामरफेस्ट इस्पितळ, १० मार्च

चि. रावनास अनेक आशीर्वाद.

हाड जागेवर आहे, तोंडही. दुकानदार गाढव. बर्फ काय फक्त आपल्याच गाडीखाली टणक झाला?

माझी शाळा दोन वर्षांची, पण म्हाताऱ्याचा अभ्यास मी चाळीस वर्षं केलाय. तो गाडीमागे उकिडवा बसतो आणि पट्ट्याच्या दोन्ही कडा दोन्ही हातांनी एकदम ओढून बघतो. घसरगाडीला जुंपलेल्या रेनडिअरच्या वाद्या असाच बघायचा. कमी हलेल ती बाजू सैल करतो. आता डाव्या हातात जोरच नसेल तर डावी बाजू घट्टच लागणार, आणि हा बाबा तीच सैल करत बसणार. पट्टा सैल बाजूलाच पळतो.

तेव्हा चाकं सोड, हात बघ. भरलेली किटली डाव्या हातात दे. गार पाण्याची दे, गरम नको. तोवर त्याला तळ्यावर पाऊल टाकू देऊ नकोस.

कान उपटायला अजून समर्थ,
आजी

कौतोकेइनो, १५ मार्च

ती. आजीस सा. न.

किटली पडली. आजोबांनी आधी किटलीला शिव्या दिल्या, मग सांगून टाकलं. हिवाळा लागल्यापासून हात बधिर आहे म्हणे. तुला कळलं असतं तर तू ऑपरेशनला गेली नसतीस, म्हणून लपवलं. मी मोजपट्टी लावून पट्टा सारखा केला. दोन दिवस झाले, चाकांवर ओरखडा नाही. कळप महिनाअखेरीस मी आणि आन्तेकाका नेतो. आजोबा शुक्रवारच्या बसने तिकडे डॉक्टरांना हात दाखवायला निघतील. फार बोलू नकोस गं त्यांना.

तुझी रावना

हामरफेस्ट, २० मार्च

चि. रावनास आशीर्वाद.

आला. मेंदूतली बारीक शीर तुंबली होती, डॉक्टर म्हणतात. गोळ्या सुरू केल्या, मोठा झटका येण्याआधी आणलंत म्हणाले. मी काय बोलले ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. तळ्यावर आन्तेच्या मागोमाग जा, फुशारकी नको.

आत्ता म्हातारा खाटेशेजारी बसून खिडकीतून समुद्राला नावं ठेवतोय. त्याचा डावा हात माझ्या हातात आहे. त्याला कळत नाही, म्हणून निवांत धरून बसलेय. तू सांगू नकोस.

दोघांचेही आशीर्वाद.
आजी